बाजार समिती रोडवरचं कृषी केंद्र: माल चोख, सल्ला महाग

नाव नाही लिहत. यवतमाळ जिल्ह्यातले जे आहेत त्यांना वाचता वाचता कळून जाईल, आणि बाकीच्यांच्या तालुक्याच्या गावी असं एक दुकान असतेच. बाजार समितीच्या गेटवरून पुढं गेलं की पेट्रोल पंपाच्या अलीकडं, तीन शटरचं, वर बियाणं, खत, औषधाच्या कंपन्यांचे इतके बोर्ड की दुकानाचं स्वतःचं नाव शोधावं लागते. आम्ही बाबाच्या वेळेपासूनचे गिऱ्हाईक. सात एकर कोरडवाहू, कापूस, सोयाबीन, मधात तूर, म्हणजे मी काही मोठी पार्टी नाही, पण वर्षाला वावरातून जो पैसा येतो त्यातला अर्ध्याच्या आसपास याच काउंटरवर जाते, तेव्हा रिव्ह्यू लिहायचा हक्क आहे असं मी धरून चालतो. ढाब्यावर शेवभाजी खाऊन लोक हातभर रिव्ह्यू लिहितात आणि जिथं वर्षभराचं गणित ठरते त्या दुकानाबद्दल कोणी एक ओळ लिहीत नाही, हे काही बरोबर नाही राजेहो.

पहिले चांगलं सांगतो. माल ओरिजनल. बियाण्याचं पक्कं बिल, त्याच्यावर लॉट नंबर, न मागता. ज्यानं पाकीट उगवलं नाही म्हणून कृषी विभागात चकरा मारल्या त्याला याची किंमत माहीत आहे, कारण बिल नसलं की तिथं कोणी उभं करत नाही. बिल, रिकामं पाकीट, त्याच्यावरचं टॅग आणि मूठभर बियाणं ठेवत जा, हे याच दुकानाच्या मालकानं मला सांगितलं, बाकीचे तर पाकीट फेकून द्या म्हणणारे. आणि बियाणं खराब निघालं तर शेतकरी ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो, सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये हे साफ सांगितलेलं आहे, पण आपल्याकडं जाते कोण, वेचणी टाकून?

भावाच्या बाबतीतही दुकान सरळ आहे. कापसाचं बीजी-टू चं पाकीट (बीटी कापूस म्हणजे ज्याच्या झाडातच अळी मारणारं औषध असते तो, बीजी-टू त्याची दुसरी पिढी), ४७५ ग्रॅमचं, २०२५ च्या हंगामाला ९०१ रुपये. हा भाव दुकानदार ठरवत नाही, कंपनीही नाही, डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रानं किंमत नियंत्रणाचा आदेश काढला तेव्हापासून दिल्लीतून ठरून येतो. पण मृगाच्या तोंडावर जे वाण चालते त्याला वरचे पैसे मागायची पद्धत आहे, आमच्याकडंच दुसऱ्या एका दुकानात मागितले होते. इथं छापील किमतीवर एक रुपया घेतला नाही कधी. फक्त एवढं की तुम्ही मागता ते वाण "संपलं भाऊ, कालच संपलं", आणि तुम्ही गाडीला किक मारता तोवर मागच्या शटरमधून त्याच वाणाचा डब्बा कोण्या पाटलाच्या बोलेरोत जातो. आता याला लबाडी म्हणायचं का व्यवहार, तुम्ही ठरवा. मी दोन्ही म्हणतो.

खताचा विषय आला की माझं डोकं तापते. युरियाची बॅग ४५ किलोची, २६६ रुपये ५० पैसे, मशीनवर अंगठा लावा आणि घ्या. कागदावर. प्रत्यक्षात जुलैचा एक चांगला पाऊस पडला आणि पराटी, म्हणजे कापसाचं झाड, पिवळी दिसाले लागली की युरिया "शॉर्ट" होतो, आणि मग चार बॅगांच्या मागं एक झिंकची थैली नाहीतर कुठलंतरी ह्यूमिकचं डबडं घ्यावंच लागते. लिंकिंग म्हणतात याला. मी एकदा मालकाच्या तोंडावर म्हटलं, "काकाजी, हे झिंक मले नाही लागत, माह्या वावराले नाही लागत." तर म्हणे, "तुह्या वावराले नाही लागत तर माह्या काय घराले लागते बाप्पा? मले बी कंपनीवाला तसंच देते, गाडीभर युरियावर गाडीभर कचरा." आणि तो खोटं बोलत नव्हता. युरियावर दुकानदाराला सुटते किती, हमालीतच जाते. टॉनिकवर मात्र भरपूर सुटते.

मूळ कुठं आहे ते बघा. ऑगस्ट १९९२ मध्ये सरकारनं स्फुरद आणि पालाशच्या खतांवरचं नियंत्रण काढलं, युरियावरचं ठेवलं. मग २०१० मध्ये नवीन सबसिडी आली, ती पोषणद्रव्याच्या हिशेबाची, तिच्यातही युरिया नाही. झालं काय, स्फुरदवाल्या डीएपीची बॅग पाचशेच्या आत मिळत होती ती तीनेक वर्षांत दुपटीच्या वर गेली, आज १३५० आहे आणि तीही सबसिडी धरून. युरिया तिथंच. मग गरीब माणूस काय टाकणार? युरियाच टाकणार. पराटी हिरवीगार, डोक्याएवढी, आणि बोंडं कमी, रसशोषक किडी जास्त, म्हणजे परत फवारणी, म्हणजे परत हेच दुकान. अर्धं दार उघडायचं आणि अर्धं लावायचं, त्या फटीत सापडतो तो शेतकरी. नव्वदच्या पुढं जे काही झालं ते सगळं मला या खताच्या मशीनपुढं उभं राहून कळलं, पुस्तकातून नाही.

हे दुकान आधी नव्हतं, नव्या पोरांना हे माहीत नसते. बाबाच्या तरुणपणी खत सोसायटीतून यायचं, नाहीतर तालुक्याच्या खरेदी-विक्री संघातून. संघाचं गोदाम अजून आहे, याच रोडवर, दगडी, समोरचे गाळे भाड्यानं दिलेत, एकात मोबाईलचं दुकान आणि एकात लग्नाच्या पत्रिका छापतात. बियाणं म्हणजे जिनातून आणलेली सरकी, शेण-मातीत घोळून सुकवायची आणि पेरायची. हायब्रिड पाहिजे असलं तर अकोल्याच्या विद्यापीठाचं पीकेव्ही हायब्रिड-२, महाबीजची थैली. प्रायव्हेटवाले होते पण थोडे. १९८८ मध्ये नवीन बीज धोरण आलं, १९९१ मध्ये नरसिंह राव आणि मनमोहन सिंगांनी सगळंच उघडलं, आणि त्याच्या पुढच्या काही वर्षांत तालुक्याच्या गावी एकामागून एक कृषी केंद्रं उघडली. आमच्या या मालकाचा बाप आधी किराणा विकायचा. त्यानं दिशा बरोबर ओळखली.

आणि मग २००२. मार्चमध्ये बीटी कापसाला मंजुरी मिळाली, महिको-मोन्सॅन्टोचे तीन वाण. पहिल्या वर्षांत ४५० ग्रॅमचं पाकीट सोळाशे रुपयांच्या वर होतं, लोकांनी तरी उड्या मारल्या, कारण हिरव्या बोंडअळीनं लोक इतके पिडलेले होते की कोणी अळी मरते म्हणून मंतरलेला अंगारा विकला असता तर तोही संपला असता. २००६ मध्ये आंध्र सरकार कंपनीच्या मागं लागलं तेव्हा कुठं भाव साडेसातशेवर आला, आपल्याकडंही. पिकला कापूस, हे खोटं नाही सांगणार मी. दोन-चार हंगाम असे गेले की घरावर स्लॅब पडले, बाबानं पहिली मोटरसायकल घेतली. ज्यांना बीटी म्हणजे सगळं विषच वाटते त्यांनी ते दिवस बघितलेले नाहीत. पण त्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची एक छोटी थैली यायची, बिगर-बीटीची, कडेनं लावायची, अळीला खायला जागा पाहिजे म्हणून. ती कशासाठी ते काउंटरवर कोणी सांगितलं नाही. गावातल्या गावात ती थैली लोकांनी फेकली नाहीतर ढोराला घातली. आता ते बियाणं पाकिटातच मिसळून येते, पण उशीर झाला, २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं बीजी-टू ला जुमानलं नाही आणि विदर्भात बोंडं फोडून बघावं तर आत अळी. हे पाप एकट्या दुकानाचं नाही. पण समजावून सांगायचं काम कोणाचं होतं? कंपनी म्हणते पाकिटावर लिहिलेलं होतं. बारीक अक्षरात. सरकारचा कृषी सहायक, त्याच्याकडं इतकी गावं की तो माणूस आला की लोकं विचारतात, आज काय आहे, पंचनामा का?

तर आता मुख्य मुद्दा, सल्ला. या दुकानात सल्ला फुकट आहे आणि तोच सगळ्यात महाग पडतो.

पद्धत अशी आहे. तुम्ही पान तोडून आणता नाहीतर मोबाईलवर फोटो काढून आणता. काउंटरवर मालकाचा पोरगा, बीएस्सी ॲग्री केलेला, पोरगा हुशार आहे, त्यात वाद नाही. मागं भिंतीवर बापाचं देसी डिप्लोमाचं सर्टिफिकेट आहे, म्हणजे दुकानदारांसाठी जो एक वर्षाचा कोर्स असतो तो, आणि त्याच्या बाजूला कंपनीच्या टूरचे फोटो, समुद्राच्या कडेला एकसारख्या टोप्या घातलेले वीस-पंचवीस कृषी केंद्रवाले. टार्गेट पूर्ण केलं की कंपनी फिरायला नेते. मी तो फोटो बघतो आणि मग पोरगा काय काढून देतो ते बघतो. पोरगा पानाकडं दोन सेकंद बघते, म्हणते "थ्रिप्स आहे न थोडा, आणि तुडतुडा", आणि तीन बाटल्या काउंटरवर. एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक ("पावसाचे दिवस आहेत काका"), एक टॉनिक. तिन्ही एकाच पंपात टाकायचं. कॉकटेल म्हणतात त्याला दुकानातही, आणि गावातही. कीड किती आहे, आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली का, म्हणजे फवारणीचा खर्च परवडावा इतकी कीड आहे का, हे कोणी विचारत नाही, ना तो ना आपण. आपल्याला बी बाटली घेतल्याशिवाय दवाखान्यातून सुई न घेता आल्यासारखं वाटते, हेही खरं आहे.

आणि त्याच्यावर जीएसटी १८ टक्के. सोन्यावर तीन, कीटकनाशकावर अठरा.

एकदा मी मुद्दाम कामगंध सापळे मागितले, गुलाबी बोंडअळीचे पतंग वासानं ओढून पकडणारे. पोरगा मागं गेला, बराच वेळ आला नाही, मग एक खोकं आणलं, त्याच्यावरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसली. होते म्हणजे. स्वस्त आहेत. कामाचे आहेत. पण स्वतःहून कधी दाखवणार नाहीत. निंबोळी अर्काचं तर नावच काढू नका, ते घरी बनते, निंबाच्या झाडाला मार्जिन नसते.

२०१७ चा पावसाळा मात्र मी विसरत नाही, आमच्या जिल्ह्यात कोणीच विसरत नाही. पराट्या डोक्याच्या वर गेल्या होत्या, उकाडा, वारा नाही, माणूस पराटीत शिरला की फवारा तोंडावरच. फवारणीच्या विषबाधेनं एकट्या यवतमाळ जिल्ह्यात २० च्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडले, त्यात वावर ज्याचं त्याच्यापेक्षा रोजानं फवारणारे मजूर जास्त, ज्यांनी ना बाटली घेतली ना तिच्यावरचं वाचलं. त्याच्यानंतर दुकानात फरक पडला, हे लिहिलं पाहिजे. हातमोजे, मास्क, चष्मा यांची किट आता समोर टांगलेली असते, लाल त्रिकोणाची बाटली देताना पोरगा म्हणतो, "काका हे लाल आहे, उन्हात नका मारू, दुपारी तर अजिबात नका मारू". लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा, एवढं तरी आता गावातल्या शाळेच्या पोरांनाही पाठ आहे. किट किती जण घेतात? जवळपास कोणीच नाही. रबराचे मोजे घालून सप्टेंबरच्या उकाड्यात एकर-दोन एकर फवारून बघा मग कळते. माझ्या हिशेबी किट विकत ठेवणं म्हणजे आपली जबाबदारी टांगून ठेवणं आहे. पण नसल्यापेक्षा बरं.

उधारीबद्दल लिहिलं नाही तर हा रिव्ह्यू अर्धा राहील. दुकानात दोन भाव आहेत. नगदीचा वेगळा, उधारीचा वेगळा, आणि उधारीच्या वर दिवाळीनंतर महिन्याचं व्याज लागते ते तिसरं. वहीत बाटलीचं नाव लिहिलेलं असते, भाव मात्र नंतर भरला जातो, निदान मला तसं दिसलं. बँकेचं पीक कर्ज तीन लाखांपर्यंत वेळेत भरलं तर राज्यात शून्य टक्के पडते, पंजाबराव देशमुखांच्या नावाची योजना आहे. म्हणजे शून्य टक्क्याचा पैसा बँकेत आहे आणि लोक दुकानात महिन्याच्या व्याजानं घेतात, बाहेरच्या माणसाला हे येडेपण वाटेल. पण ज्याचं जुनं थकलेलं आहे त्याला बँक उभं करत नाही. जो मक्त्यानं, म्हणजे दुसऱ्याचं वावर भाड्यानं घेऊन करतो त्याच्या नावानं सातबाराच नाही, त्याच्या हाती तर बँक, विमा, नुकसानभरपाई, जवळपास काहीच लागत नाही. आमच्या गावात मक्त्यानं करणारे आता मालकांपेक्षा जास्त झाले असतील, कारण मालकांची पोरं पुण्याला गेली. या सगळ्यांची बँक म्हणजे हे दुकान. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज दिलं, त्याच्यानंतर २००८ ची कर्जमाफी, २०१७ ची, २०१९ ची. एकाही माफीत कृषी केंद्राची उधारी नव्हती. ती कोणत्याच सरकारी कागदावर नाही, तर माफ कोण करेल?

तरी एक गोष्ट डोळ्यानं बघितलेली. आमच्या शेजारची एक वहिनी आहे, नवरा गेलेला, वावर अजून सासऱ्याच्या नावावर, बँकेनं परत पाठवली. तिला या मालकानं बियाणं, खत सगळं दिलं, कोणाची साक्ष नाही, सही नाही. "वहिनी, चुकारा आला की द्या" म्हणे, चुकारा म्हणजे विकल्या कापसाचे पैसे. भाव उधारीचाच लावला, हेही सांगतो. पण दिलं. वहिनीनं कापूस विकून पैसे फेडले आणि काउंटरवरच हिशेब दोनदा मोजायला लावला, तिसऱ्यांदा पोरानं स्वतःच मोजून एक जुनी चूक काढली तिच्या फायद्याची. तेव्हा सरसकट शिव्या मला नाही देता येत.

आणि कापूस विकला कुठं हा प्रश्न येतोच. दुकानाच्या बाहेर एक बाकडं आहे, कंपनीनं दिलेलं, आमच्या गावचा पार आता रिकामा असतो पण या बाकड्यावर जागा मिळत नाही. तिथं दोन बुजुर्ग नेहमी भेटतात. एकाच्या खिशाला अजून शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला. दुसरे काका डंकेलचं, म्हणजे नव्वदच्या दशकातल्या जागतिक व्यापार कराराच्या मसुद्याचं, नाव काढलं की अजून लाल होतात. त्यांचं भांडण ऐकाले मी कितीदा उगीच बसून राहतो.

बिल्लेवाले बाबाजी सांगतात, एकाधिकार होता तेव्हा, म्हणजे १९७२ पासून पुढं तीस वर्षं, कापूस विकायचा तर फक्त सरकारला. ग्रेडर ठरवेल ते ग्रेड, चुकारा कधी येईल तेव्हा येईल, हप्त्यानं. तिकडं आदिलाबादला भाव जास्त, पण आपलाच कापूस आपण नेला तर चोर. रात्री बैलगाड्या काढून सीमा पार करत होते लोक, नाक्यावर पकडले की कापूस जप्त. "आपल्या मालाची आपणच तस्करी करत होतो बे आम्ही," म्हणतात, आणि हे म्हणताना हसतात पण ते हसण्यासारखं काही नाही. संघटनेचे शरद जोशी खुल्या बाजाराच्या बाजूनं का उभे राहिले ते या माणसाकडून ऐकलं की लगेच समजते. २००२ च्या आसपास एकाधिकार गेला, खासगी व्यापारी घुसले, नगदी मिळाले लागली.

दुसरे काका म्हणतात, मंग काय झालं? बाजार खुला झाला तर भाव न्यूयॉर्कचा आणि खर्च यवतमाळचा. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना सबसिडी देते आणि आपण त्यांच्याशी कुस्ती खेळतो, एक हात मागं बांधून.

मला दोघंही बरोबर वाटतात, आणि दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटते, की खुलं फक्त हे दुकान झालं, समोरची बाजार समिती नाही. बघा, घ्यायच्या वेळी कोणतीही कंपनी, कोणतीही बाटली, कोणतंही टॉनिक, पूर्ण स्वातंत्र्य. विकायच्या वेळी भाव जरा वर गेला की दिल्लीचा हात येतोच. ५ मार्च २०१२ ला कापसाची निर्यात एका दिवसात बंद केली होती, नंतर ओरड झाल्यावर मागं घेतली. २०२१-२२ ला दहा हजारांच्या वर भाव बघितला तेव्हा सगळ्यांनी धरून ठेवला, पुढच्या साली तोच कापूस घरात, अंगाला खाज, आणि भाव खाली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आयातीवरचं ११ टक्के शुल्क काढून टाकलं, आधी सप्टेंबरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवलं, म्हणजे नेमका आपला कापूस निघायच्या वेळेला. त्या हंगामाला लांब धाग्याचा हमीभाव ८११० जाहीर झाला, पण त्या भावानं विकायचं तर सीसीआयकडं, म्हणजे केंद्राच्या कापूस महामंडळाकडं, त्यांच्या ॲपवर नोंदणी करा, आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आत पाहिजे. नोव्हेंबरात अवकाळी येऊन गेल्यावर १२ टक्के कुठून आणायचे, पंख्याखाली वाळवून? मग व्यापारी आहेच, तो कमी भावानं घेते आणि ओलावा विचारत नाही. आपण उदारीकरणाला शिव्या देतो, आपल्या वाट्याला ते पूर्ण आलंच कुठं? विकत घेण्याचं आलं, विकण्याचं राहिलं.

गावात काय बदललं ते या दुकानाच्या वहीवरून सांगता येते. ज्वारीचं बियाणं मागणारा आता कोणी नाही. आधी प्रत्येकाच्या वावरात ज्वारी असायची, खायला भाकर आणि ढोरांना कडबा. रेशनचा गहू-तांदूळ आला, रानडुकरांनी उरलीसुरली खाल्ली, पैसा फक्त कापसात-सोयाबीनात दिसाले लागला, ज्वारी गेली. ज्वारी गेली की कडबा गेला, कडबा गेला की ढोरं गेली, ढोरं गेली की शेणखत गेलं, आणि मग आपण युरियाच्या लाईनीत उभे. दुसरं तणनाशक. आधी निंदणाला बायांच्या टोळ्या असायच्या, गाणी म्हणत, भांडत, चहा मागत. आता सोयाबीनात तणनाशक मारलं की काम खतम, कापसात तर चोर बीटी, म्हणजे तणनाशकानं न मरणारं, परवानगी नसलेलं एचटीबीटी, बिल नाही, टॅग नाही, कोणी गाडीच्या डिक्कीतून देते. (या दुकानात मिळत नाही. निदान मला कधी दिलं नाही.) २०१९ मध्ये अकोल्याकडं अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेनं ते उघड उघड पेरलं होतं, आंदोलन म्हणून. शेतकऱ्याचा खर्च वाचतो हे मान्य. पण निंदणाचा रोज ज्या बायांच्या हातात जायचा त्या आता बचत गटाचा आणि फायनान्सवाल्याचा असा दोन्ही हप्ता भरायला वेचणीची वाट बघतात. वेचणीला मात्र मशीन आलं नाही अजून, म्हणून तिथं त्यांचा भाव चालतो, आणि चालू द्या, आयुष्यभर त्यांनी आपला भाव ऐकला.

आणि लग्न. बाकड्यावर बसलं की पोराच्या लग्नाचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. दहा एकरवाल्याच्या पोराला पोरगी मिळत नाही, आणि एमआयडीसीत कंत्राटावर बारा तास उभा राहणाऱ्याला मिळते. याच दुकानात बाटल्यांची खोकी उचलणाऱ्या एका पोऱ्याची स्वतःची शेती आहे, चांगली काळी जमीन. बायोडाटात "कृषी केंद्रात नोकरी" लिहिलं, शेती खाली, बारीक. जमलं त्याचं.

तर स्टार. मालाच्या चोखपणाला पाचपैकी पाच. बिलाला पाच. भावाला नगदी असाल तर चार, उधारीवाले असाल तर दोन. लिंकिंगला शून्य, मग कंपनीचं असो का दुकानाचं. सल्ल्याला एक, तोही पोरगा लाल त्रिकोण सांगतो म्हणून. घरून ठरवून जा काय घ्यायचं ते, चिठ्ठीवर लिहून, विद्यापीठाच्या शिफारशी मराठीत मिळतात, आणि काउंटरवर चौथी बाटली आली की हात खिशातून काढू नका.

मंगळवारी जाऊ नका, बाजार असतो, गाडी लावाले जागा नाही. हरभऱ्याचं बियाणं दिवाळीच्या आधीच बुक करा, पोराला सांगून ठेवलं तर तो ठेवतो बाजूला, बोलेरोवाला आला तरी. मला दोन वेळा ठेवलं त्यानं. वहिनीला तर दरवर्षी ठेवतो.